सरपणाखालची कोल्हीण

ग्राबोवेक, १४ मे १९८७

आल्बिन,

नववर्षाच्या कार्डाशिवाय बहिणीचं अक्षर बघून कोणीतरी गेलं असंच तुला वाटलं असेल. कोणी गेलेलं नाही. उलट कोणीतरी येतंय, रोज येतंय, आणि माझ्या बागेत घाण करून जातंय.

हसू नकोस. पहिल्यांदा मलाही काही वाटलं नाही, फावड्यानं उचलून कुंपणापलीकडे फेकलं. आता तीन आठवडे झाले. पायरीवर, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात, परवा तर दारात काढून ठेवलेल्या माझ्या रबरी बुटात! मी पाय घातला, आल्बिन. मोज्यासकट.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे वाळूचा हौद. नेझासाठी मी स्वतः फळ्या ठोकून केलाय तो. माझा मार्तिन हयात असता तर दोन तासांत झाला असता, मला चार दिवस लागले. नदीवरची वाळू चाळून भरली. दुसऱ्याच दिवशी मधोमध नैवेद्य ठेवल्यासारखं ठेवलेलं.

माझी नात नेझा गेल्या नोव्हेंबरात आजारी होती हे तुला कार्डावर लिहिलं होतं, पण कशानं ते लिहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, जंत. जनावरांच्या घाणीतून मातीत, मातीतून पोराच्या तोंडात. अकरा दिवस दवाखान्यात होती. कुठली माती ते कोणालाच सांगता येईना. पण त्याआधी महिनाभर ती माझ्याकडे राहून गेली होती, त्यामुळे दाम्यानानं मनाशी ठरवून टाकलंय. बोलत नाही, पण ठरवलंय. शेवटी मुलगी माझीच आहे!

तिनं अट घातली आहे: वीस जूनला नेझाला घेऊन येईन, बाग स्वच्छ असेल तर उन्हाळाभर ठेवीन. नाहीतर मारिबोरच्या आजीकडे. तिथे बाग नाही, गच्ची आहे आणि गच्चीत कुंड्या आहेत. कुंडीत कोण जातंय घाण करायला?

तू एकवीस वर्षं जंगलात रक्षक म्हणून काढलीस. सांग, हे कोण आहे आणि त्याला कसं घालवू? शेजारचा गाश्पेर म्हणतो, "मला सांग फक्त, एका संध्याकाळचं काम आहे." मी अजून सांगितलेलं नाही.

पाव्ला


इझोला, १८ मे

पाव्ला,

पत्र दोनदा वाचलं. बुटाचा भाग तीनदा. माफ कर.

जनावर ओळखायचं तर आधी तुझा राग बाजूला ठेव आणि नीट बघ. जंगलात आम्ही पहिल्या वर्षी हेच शिकायचो, आणि नाक धरणाऱ्याला परत पाठवायचे.

मांजर असेल तर ते झाकून जाईल. त्याला लाज असते. बिज्जू असेल तर आधी पंजानं लहानसा खड्डा करील, त्यात बसेल आणि तसाच उघडा टाकून जाईल. एकाच कोपऱ्यात असे चार-पाच खड्डे दिसतील. छपराखाली राहणारी, मुंगसासारखी लांबट कुना असेल तर काळी, बोटाएवढी बारीक, पीळ घातलेली, चेरीच्या दिवसांत बियांनी भरलेली, आणि बहुतेक उंचावर, लाकडाच्या ढिगावर किंवा भिंतीवर. कोल्हा असेल तर एक टोक निमुळतं, आत केस, भुंग्यांचे पंख, हाडांचा चुरा, आणि वास असा की एकदा घेतला की विसरत नाही.

तेव्हा काठीनं फोडून बघ. हातमोजे घाल. हात लावू नकोस, हुंगायला तोंड खाली नेऊ नकोस. जागाही लिहून ठेव. आणि हौदातली वाळू झाडूनं सपाट करून बाजूला एक फळी ओली करून पीठ भुरभुर. सकाळी पावलं उमटलेली दिसतील. ती कागदावर जशीच्या तशी काढ. तुझं चित्र शाळेत बरं होतं.

तोवर जिथे जिथे घाण होती तिथे उकळतं पाणी ओत. मातीतल्या जंतांच्या अंड्यांना दुसरं काही लागू पडत नाही. नुसतं कुंपणापलीकडे फेकू नकोस, पिशवीत बांधून टाक.

गाश्पेरला म्हणावं, हात खिशात ठेव.

माझा गुडघा तसाच आहे. इथे समुद्राचा दमट वारा. खिडकीतून बोटी दिसतात. माणसं म्हणतात किती सुंदर. मला कंटाळा येतो.

आल्बिन


ग्राबोवेक, २३ मे

आल्बिन,

एका टोकाला निमुळती. आत करडे केस, हिरवे चमकणारे पंख, आणि एक छोटं नख, बहुतेक उंदराचं. वास म्हणशील तर मला आता जेवतानाही येतो. जागा: पायरीच्या सगळ्यात वरच्या दगडावर, पालथ्या बादलीवर, गोठ्याच्या उंबऱ्यावर, पुन्हा एकदा बुटावर. सगळीकडे उंचवट्यावर. मुद्दाम. मला दिसावं म्हणून.

पावलं सोबतच्या कागदावर काढली आहेत. चार बोटं, नखं दिसतात, पाऊल लांबट. पण आल्बिन, मोठी दोन-तीन आणि लहान किती तरी. वाटीएवढ्या जागेत दहा. पिठात कोणीतरी लोळल्यासारखं झालंय.

आणखी एक. काल सकाळी सरपणाच्या खोपीत लाकडं काढायला गेले, तर खालून आवाज आला. कुत्र्याच्या पिल्लासारखा, पण कुत्रा नव्हे. मी लाकूड हातात घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. मग हळूच लाकूड परत ठेवलं आणि तुटकी खुर्ची जाळली.

हे मी गाश्पेरला बोलले नाही. दाम्यानालाही नाही. तिचं पत्र आलंय, "आई, कसं चाललंय?" मी लिहिलं, छान.

पाव्ला


इझोला, २७ मे

पाव्ला,

कोल्हीण आहे. पिल्लं खोपीखाली आहेत, तीन असावीत, चार असतील तर आश्चर्य नाही. तुझ्या चित्रात तिचा मागचा डावा पाय थोडा वाकडा पडलेला दिसतो. कधीतरी सापळ्यात अडकून सुटलेली असणार. जुनी आणि शहाणी बाई आहे.

तुला चिडवायला ती बुटात करत नाही. ती पाटी लावते आहे: हे घर माझं, इथे माझी मुलं आहेत. तुझ्या बुटाला तुझा वास जास्त येतो, म्हणून पाटी तिथे.

आता नीट ऐक. खोपीचं भोक बुजवू नकोस. आई बाहेर आणि पिल्लं आत राहिली तर ती आतच मरतील आणि मग वास काय असतो ते तुला कळेल. जूनच्या शेवटाला पिल्लं हिंडायला लागतात आणि बिऱ्हाड आपोआप उठतं. तोवर तिला तुझी बाग नकोशी कर. खाली पडलेल्या चेऱ्या रोज वेच. खताचा ढीग झाक. मांजरांसाठी दुधाची बशी ठेवतेस ती बंद कर. कोंबड्या अंधार पडायच्या आत कोंड. हौदावर फळ्यांचं झाकण कर आणि दगड ठेव. खोपीशेजारी रेडिओ लाव, माणसांच्या बोलण्याचा, गाण्यांचा नको. जुनी फडकी तीक्ष्ण वासाच्या कशात तरी भिजवून वाऱ्याच्या बाजूला टांग. आईला जागा असुरक्षित वाटली की ती एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे नेते. तिच्याकडे नेहमी दुसरं घर तयार असतं.

पण याला दिवस लागतात. तुला थांबणं जमत नाही हे मला ठाऊक आहे.

आल्बिन


ग्राबोवेक, ७ जून, रविवार

आल्बिन,

सगळं केलं. चेऱ्या वेचून वेचून कंबर मोडली. रेडिओवर दिवसभर शेतीचे भाव, हवामान आणि कोणाकोणाची भाषणं. परवा खिडकीतून बघते तर तिन्ही पिल्लं रेडिओसमोर बसून ऐकताहेत. एक जण त्याची तार चावत होता.

हौदाचं झाकण माझ्यानं उचलत नाही, म्हणून हलक्या फळ्यांचं केलं, तर त्यांनी ते बाजूला सारलं. आता हौद त्यांचाच आहे. खेळतात, खणतात, कोंबडीची पिसं आणून टाकतात आणि घाण करतात. मी उकळतं पाणी ओतते, ती पुन्हा करतात. स्वयंपाकाला एवढं पाणी मी आयुष्यात उकळलं नाही.

हे सगळं मी हसत लिहिलं असतं. पण आज काय झालं ते ऐक.

दाम्याना न कळवता आली. ल्युब्लियानाहून खास, आईला चकित करायचं म्हणून. मोटारीत मागे नेझा, खिडकीला नाक लावून. मी धावत फाटकाशी गेले. तेवढ्यात एक पिल्लू हौदातून उडी मारून बाहेर आलं, तोंडात नेझाची लाल बादली. कडी दातात धरून पळालं. नेझा आतून ओरडली, "कुत्रा! आजी, कुत्रा!" आणि दार उघडायला लागली.

दाम्यानानं तिला मागे ओढलं. मग उतरून एकटीच हौदापर्यंत गेली आणि बघून परत आली.

म्हणाली, "तू लिहिलं होतंस छान चाललंय."

मी म्हटलं, "वीस तारखेपर्यंत होईल गं. आल्बिनमामा सांगतोय ते सगळं करतेय मी."

"आई, तुला जनावरं पाळायचीत तर पाळ. माझी मुलगी इथे उतरणार नाही."

आणि गेली. नेझाला मी हात लावला तो काचेवरून. चहासुद्धा घेतला नाही रे. एकशेवीस किलोमीटर जाऊन-येऊन, आणि चहासुद्धा नाही.

झालं आता. बुधवारी संध्याकाळी गाश्पेर डबा आणून देणार आहे. त्याच्या वडिलांच्या वेळचा आहे, लांडग्यांसाठी ठेवलेला. मी हो म्हटलंय. मला शहाणपण शिकवू नकोस, आणि या पत्राला उत्तरही पाठवू नकोस. तू तिथे बोटी बघ.

पाव्ला


तार. इझोला, ९ जून

विष घालू नकोस. माझं पत्र येईपर्यंत थांब. आल्बिन


इझोला, ९ जून, तातडीचं टपाल

पाव्ला,

तारेत जे लिहिता येत नाही ते इथे लिहितो. टपाल कचेरीतली मुलगी शब्द मोजत होती आणि मला तिच्यासमोर हे बोलता आलं नाही. तेहतीस वर्षं तुझ्यासमोरही बोलता आलेलं नाही.

तुझ्या कुत्र्याला, रुनोला, लांडग्यांनी नेलं नाही.

चोपन्न सालच्या जानेवारीत वरून हुकूम आला की लांडग्यांसाठी विषारी आमिष घाला. आम्हा रक्षकांना डबे वाटले. नियम असा की डोंगराच्या पलीकडच्या उतारावरच घालायचं, गावापासून दोन तासांच्या अंतरावर, आणि प्रत्येक तुकड्याची खूण कागदावर ठेवायची. त्या शनिवारी रिब्नित्साला नाच होता. बर्फ पडायला लागलं होतं. मी चोवीस वर्षांचा होतो. मी पलीकडे गेलो नाही. चुन्याच्या जुन्या भट्टीपाशी चार तुकडे टाकले, कागदावर पलीकडच्या उताराचं नाव लिहिलं, आणि अंघोळ करून नाचाला गेलो.

सोमवारी सकाळी तुकडे बघायला गेलो तर भट्टीच्या तोंडाशी रुनो पडलेला. तो माझ्याच पावलांमागे आला असणार. मला ओळखत होता ना. कसा दिसत होता ते लिहिणार नाही. पण त्यानं दातांनी बर्फ आणि माती खणलेली होती, सगळीकडे, गोल. ते काही झोपेत मरणं नसतं, पाव्ला. गाश्पेर काहीही सांगो, त्यावर जाऊ नकोस.

मी त्याला भट्टीमागे पुरला. घरी आलो तर तू कोट चढवून दारात उभी होतीस. म्हणालीस, "आल्बिन, रुनो रात्रभर आला नाही, चल ना माझ्याबरोबर." आणि मी आलो. तीन आठवडे आलो. तू हाका मारत होतीस, आणि मीही तुझ्याबरोबर हाका मारत होतो. त्याच्या नावानं, मोठमोठ्यानं. भट्टीकडे तुला कधी जाऊ दिलं नाही, तिकडे बर्फ कोसळतं म्हणालो.

मग तुला न्यूमोनिया झाला आणि अध्यापक शाळेची प्रवेशपरीक्षा चुकली. तू शिक्षिका झाली असतीस. त्याऐवजी तीस वर्षं कारखान्यात लाकडी चमचे आणि चाळण्या निवडत बसलीस. प्रत्येक वेळी तुझ्या घरी आलो की तुझे हात बघायचो. म्हणून येणं कमी केलं. गुडघा हे निमित्त.

हे माफी मागायला लिहीत नाही. फक्त विष घालू नकोस. एकदा टाकलं की ते कोणाच्या तोंडात जाईल हे टाकणाऱ्याच्या हातात राहत नाही.

आल्बिन


तार. ग्राबोवेक, ११ जून, सकाळी अकरा

काल संध्याकाळी आठ तुकडे घातले. पत्र आज दहाला मिळालं. सात सापडले. आठवा नाही. कुठे शोधू. पाव्ला


तार. इझोला, ११ जून, दुपारी साडेबारा

पोट भरलेलं असलं की कोल्हे पुरून ठेवतात. मोकळी भुसभुशीत जागा बघ. आधी वाळू. हातमोजे घाल. आल्बिन


ग्राबोवेक, १४ जून

आल्बिन,

वाळूतच होता.

तुझी पहिली तार बुधवारी सकाळी मिळाली होती. वाचली आणि चुलीत टाकली. संध्याकाळी गाश्पेरनं सॉसेजचे तुकडे तयार करून आणले, मी एकेक उचलून ठेवले. माझ्या हातांनी. त्याला म्हटलं नाही की तू ठेव. रात्री झोप चांगली लागली, हेही सांगते.

गुरुवारी टपालवाला आला तेव्हा मी चेऱ्या वेचत होते. तुझं पत्र बागेत उभ्या उभ्या वाचलं. "तो माझ्याच पावलांमागे आला असणार" इथपर्यंत आले आणि मग पुढचं वाचलंच नाही, चेऱ्यांची परडी टाकून धावले. खोपीच्या तोंडाचे तीन जिथल्या तिथे. कुंपणापाशी दोन. स्ट्रॉबेरीत एक. कोंबड्यांच्या जाळीपाशी एक, तिथे मुंग्या लागल्या होत्या आणि मुंग्या मेल्या होत्या. आठवा विहिरीजवळ ठेवला होता. तिथे नुसती चपटी झालेली हिरवळ.

गाश्पेरला हाक मारली. म्हणाला, "खाल्ला असेल तिनं, काम झालं, बस आता शांत." मी त्याला काय बोलले ते आठवत नाही, पण तो अजून माझ्याशी बोलत नाही.

टपाल कचेरीत जाऊन तार केली. तुझ्या घरी फोन नाही म्हणून मी नेहमी तुझी टर उडवायचे. त्या दिवशी बाकावर बसून त्यासाठी रडले. दीड तास. उरलेलं पत्र तिथेच वाचलं. मनात एकच: ती कुठेतरी झुडपात पडली आहे, माती खणते आहे, आणि पिल्लं खोपीखाली वाट बघताहेत.

तुझी तार हातात घेऊन घरी आले. हौदापाशी गुडघ्यांवर बसले. आधी दाताळ्यानं ओढून बघितलं, काही नाही. मग हातमोजे घालून ओंजळ ओंजळ वाळू पोत्यात भरत गेले. नेझाची लाल बादली जिथे पिल्लानं आणून टाकली होती तिथे वाळूचा लहान उंचवटा होता, थोपटून बसवलेला. नाकानं थोपटतात का रे ती? अगदी एखाद्या मुलानं खेळताना करावा तसा. त्याच्याखाली होता. कोपरभर खोल. अख्खा, दात न लावलेला.

आल्बिन, वीस जूनला नेझा आली असती तर तिनं आधी तोच उंचवटा फोडला असता. आणि मी स्वयंपाकघरातून बघत हसले असते.

तुकडा पिशवीत बांधला. मान वर केली तर कोल्हीण कुंपणापाशी उभी होती, भर दुपारी. बारकी आहे, केस झडलेले, तू म्हणालास तसा मागचा डावा पाय वाकडा. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग ती खोपीखाली गेली आणि आतून तिन्ही पिल्लांचे आवाज आले. तीन. मी मोजले.

डबा आणि आठही तुकडे जनावरांच्या डॉक्टरांकडे नेऊन दिले. वाळू सगळी पोत्यांत बांधून त्यांच्याच सांगण्यावरून पाठवली. हात इतके धुतले की सालं निघाली.

बाकी तू लिहिलंस त्याबद्दल मला आत्ता काही लिहिता येणार नाही. लिहायला घेतलं की हाका ऐकू येतात, तुझ्याही. मला वाटायचं, जगात एक माणूस माझ्याबरोबर तीन आठवडे बर्फात चालला.

पत्र पाठवू नकोस.

पाव्ला


इझोला, २ जुलै

पाव्ला,

पाठवू नकोस म्हणालीस, अठरा दिवस पाठवलं नाही. आता राहवत नाही. एवढंच विचारतो: वीस तारखेला काय झालं? मुलगी आली का? पिल्लं गेली का? एका ओळीत लिही. सहीही करू नकोस वाटलं तर.

रोज टपालवाल्याच्या वेळेला खाली जिन्यात उभा असतो. शेजारीण विचारते, "काय आल्बिन, पेन्शन अडकलंय का?"

भोक बुजवायचं झालं तर आधी तोंडाशी कागदाचा बोळा ठेव. तीन दिवस जागचा हलला नाही तर घर रिकामं आहे. मग जाळी लाव, आणि जाळी हातभर जमिनीखाली ने, ती खणतात.

आल्बिन


ग्राबोवेक, १४ जुलै

आल्बिन,

कागदाचा बोळा मी चोवीस जूनलाच ठेवला होता. मलाही थोडं कळतं.

वीस तारखेला कोणी आलं नाही. येणारच नव्हतं. मी दाम्यानाला फोन करून सगळं सांगितलं होतं. विषाचंही. लपवता आलं असतं, तुकडे सापडले होते, वाळू गेली होती, कोणाला कळलं असतं? पण तुझं पत्र टेबलावर होतं. तेहतीस वर्षांनी माझं असं पत्र तिला जावं असं मला वाटेना.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्यामुळे ना?" मी म्हटलं, "नाही गं, माझ्यामुळे. मला घाई झाली होती." फोन ठेवला तिनं.

त्यानंतर तीन दिवसांनी, सकाळी साडेपाचला, मी खिडकीत उभी असताना कोल्हिणीनं बिऱ्हाड हलवलं. पहिलं पिल्लू मानेला धरून नेलं, ओढ्याच्या बाजूला. दुसरं नको नको करत होतं, मोठं झालंय आता, पाय जमिनीला घासत होते. तिसरं आपल्या पायांनी मागून गेलं. ती परत फिरून एकदा आत बघून आली. काही राहिलं नाही ना, अशी. मग गेली.

जाळी लावली, हातभर खाली. गाश्पेर येऊन न बोलता खड्डा खणून गेला. जाताना म्हणाला, "माझ्या बापाचा डबा होता तो." मी म्हटलं, "माहीत आहे." कॉफी दिली. प्यायला.

आणि चार जुलैला दाम्याना आली, एकटी नाही, नेझाला घेऊन, आणि स्वतःही सुट्टी काढून. पहिला दिवस तिनं नेझाला कडेवरून खाली सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पायऱ्यांवर उकळतं पाणी ओतत होते, तिनं माझ्या हातातून किटली घेतली आणि उरलेल्या पायऱ्या केल्या.  हौद मी मोडून टाकलाय. नेझा अंगणात फरशीवर पाण्याच्या टबात बसते आणि दिवसातून दहा वेळा विचारते, "आजी, कुत्रे कुठे गेले?" मी सांगते, आईबरोबर गेले. हात मात्र दहाच्या दहा वेळा धुवायला लावते. दाम्याना येत्या रविवारी जाईल, नेझा राहील. ऑगस्टअखेरपर्यंत.

आता तुझं.

एक गोष्ट मीही कोणाला सांगितलेली नाही, मार्तिनलाही नाही. त्या परीक्षेची मला भीती वाटत होती. गणित येत नव्हतं. ताप दहा दिवसांत उतरला होता, आल्बिन. परीक्षा त्यानंतर होती. मी अंथरुणातून उठले नाही, आई म्हणाली, पोर अजून अशक्त आहे, आणि मी होय म्हटलं. तेव्हा माझे हात बघून जे काही तू स्वतःला लावून घेत होतास त्यातलं चमचे आणि चाळण्यांचं सगळं परत घे. ते माझं आहे.

रुनोचं मात्र तुझं आहे. ते मी परत घेऊ देणार नाही.

मागच्या आठवड्यात भट्टीकडे जाऊन आले. मागे सगळी रानटी झाडी वाढली आहे, जागा कळत नाही. दोनदा गेले, तिसऱ्यांदा दाम्यानाला घेऊन गेले. ती म्हणाली, "ज्यानं पुरलं त्यालाच विचार."

म्हणून विचारते. पत्रातून दाखवता येण्यासारखी ती गोष्ट नाही. २५ तारखेला शनिवार आहे, दुपारी दोनची बस रिब्नित्साला येते. गुडघ्याचं सांगू नकोस, भट्टीपर्यंत आता बैलगाडीची वाट झाली आहे आणि गाश्पेरकडे ट्रॅक्टर आहे. मी रागावलेलीच असेन. कदाचित तुला पहिल्या दिवशी धड जेवायलाही वाढणार नाही. पण ओरडायला मला माणूस समोर लागतो, कागदावर ते होत नाही. मी करून बघितलं.

वरची खोली झाडून ठेवली आहे.

पाव्ला